अक्षराची जात

सी भाषेत संगणकाला एक अगदी भाबडा प्रश्न विचारता येतो: समोर आलेले चिन्ह अक्षर आहे का? त्यासाठी स्टँडर्ड लायब्ररीत इझअल्फा नावाचे फंक्शन आहे. त्याच कुळातले इझडिजिट अंक ओळखते, इझस्पेस मोकळी जागा ओळखते, इझपंक्ट विरामचिन्हे, तर इझअपर आणि इझलोअर रोमन लिपीतली मोठी आणि लहान अक्षरे. १९८९ साली सी भाषेचे पहिले अमेरिकन प्रमाणक आले तेव्हा अशी अकरा फंक्शने होती; १९९९ च्या प्रमाणकात इझब्लँकची भर पडून ती बारा झाली. प्रत्येकाला एक मूल्य द्यायचे आणि त्याने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे, एवढाच व्यवहार. शिकाऊ प्रोग्रामर ही सगळी एका दुपारी उरकतो. मात्र या फंक्शनचे ‘हो’ नेमके कुठून येते, हे विचारले की आपण भारतीय दर्शनांच्या एका जुन्या भांडणात जाऊन पडतो. गाईला गाय म्हणावे असे गाईत काही असते, की आपण तसे म्हणतो म्हणून ती गाय? चिन्हाचे अक्षरपण चिन्हात राहते की कुणाच्या तरी नोंदवहीत? माझे म्हणणे असे की ते नोंदवहीत राहते. पण त्यामुळे नोंदवही खोटी ठरत नाही. तिचा खरेपणा निराळ्या जातीचा असतो: कोणत्या कामासाठी ही नोंद केली आणि कोणत्या हद्दीपर्यंत ती लागू आहे, यावर तो तोलावा लागतो.

आधी पुरावा पाहू. इझअल्फाच्या हाती चिन्ह येतच नाही, येते एक संख्या. आस्की या संकेतात रोमन कॅपिटल ‘ए’ म्हणजे ६५, लहान ‘ए’ म्हणजे ९७. या संकेतात एकूण १२८ जागा. त्यांतल्या ३३ नियंत्रणासाठी, एक मोकळ्या जागेसाठी आणि उरलेल्या ९४ डोळ्यांना दिसणाऱ्या चिन्हांसाठी: ५२ अक्षरे, १० अंक, ३२ इतर चिन्हे. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरच्या एब्सडिक संकेतात तोच कॅपिटल ‘ए’ १९३ वर बसतो, आणि ‘आय’नंतर लगेच ‘जे’ येत नाही. मध्ये सात जागांची फट आहे. म्हणून ‘ए’पासून ‘झेड’पर्यंतच्या संख्या सलग आहेत असे धरून चालणारा प्रोग्राम तिथे चुकतो, आणि नेमके हेच टाळण्यासाठी ही फंक्शने आहेत. ती आत काय करतात? बहुतेक ठिकाणी एक तक्ता असतो. आलेली संख्या हा त्या तक्त्यातला घरक्रमांक, आणि त्या घरात काही खुणा आधीच करून ठेवलेल्या. लिनक्सच्या नेहमीच्या यंत्रावर इझअल्फाने दिलेला ‘हो’ छापून पाहिला तर १ दिसत नाही, १०२४ दिसतात. प्रमाणकाने फक्त ‘शून्य नसलेली कोणतीही संख्या’ एवढेच वचन दिलेले आहे. १०२४ ही त्या तक्त्यातली ‘अक्षर’ या रकान्याची खूण आहे. म्हणजे फंक्शन विचार करून निवाडा देत नाही, वहीतले घर उघडून दाखवते. गाईच्या बाबतीत आपल्याला अशी वही कधीच दिसत नाही. इथे ती लिहिणारे, लिहिण्याचा काळ आणि लिहिण्याचे कारण, तिन्ही ठाऊक आहेत. म्हणूनच तत्त्वज्ञानाच्या जुन्या वादासाठी हे उदाहरण सोयीचे आहे.

या वादातला एक पक्ष न्याय-वैशेषिकांचा. त्यांच्या मते सामान्य, म्हणजेच जाती, हा खराखुरा पदार्थ आहे. तो एक असतो, नित्य असतो आणि अनेक व्यक्तींमध्ये समवाय या न तुटणाऱ्या संबंधाने राहतो. गाई जन्मतात आणि मरतात, गोत्व राहते. पण हा पक्ष समजतो तितका भोळा नाही. प्रत्येक समान नावामागे जाती असतेच असे नैयायिक मानत नाहीत. स्वयंपाक करणाऱ्या सगळ्यांना आपण स्वयंपाकी म्हणतो. त्यासाठी स्वयंपाकीपण नावाचा नित्य पदार्थ मानण्याची गरज नाही, ती नुसती उपाधी, म्हणजे बाहेरून लावलेली ओळख. मग जाती कोणती आणि उपाधी कोणती हे ओळखायचे कसे? दहाव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी किरणावलीत जाती मानण्याच्या आड येणारी सहा बाधके सांगितली. त्यांतले एक संकर. दोन धर्म काही ठिकाणी एकत्र सापडत असतील आणि काही ठिकाणी एकमेकांना सोडूनही सापडत असतील, तर ते दोन्ही जाती असू शकत नाहीत. त्यांचे नेहमीचे उदाहरण भूतत्व आणि मूर्तत्व यांचे: आकाश भूत आहे पण मूर्त नाही, मन मूर्त आहे पण भूत नाही, आणि पृथ्वी, जल, तेज, वायू दोन्ही आहेत. आता ही कसोटी आपल्या बारा फंक्शनांना लावू. इझएक्सडिजिट सोळाच्या पायावर लिहिलेल्या संख्येतले अंक ओळखते: शून्य ते नऊ, आणि ‘ए’ ते ‘एफ’ ही अक्षरे. ‘बी’ हे अक्षरही आहे आणि असा अंकही. ‘जी’ अक्षर आहे पण असा अंक नाही. ७ असा अंक आहे पण अक्षर नाही. सरळ संकर. टॅब मोकळी जागाही आहे आणि नियंत्रणचिन्हही. स्पेस ही मोकळी जागा आहे, नियंत्रणचिन्ह नाही. घंटी वाजवणारे चिन्ह नियंत्रणाचे आहे, मोकळी जागा नाही. पुन्हा संकर. म्हणजे जाती खरी मानणाऱ्यांच्याच कसोटीने या वर्गांपैकी काही उपाधी ठरतात.

यावर कुणी म्हणेल की ठीक आहे, इझएक्सडिजिट ही सोयीसाठी केलेली उपाधी, ती सोडून द्या. अक्षरत्व मात्र जाती राहू शकते. संकराची कसोटी दोहोंपैकी एकाला घालवते, दोहोंना नाही. आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर सी भाषेच्याच दुसऱ्या व्यवस्थेत मिळते. प्रोग्रामने कोणत्या भाषेच्या आणि प्रदेशाच्या रूढी पाळायच्या हे ती ठरवते, तिला लोकेल म्हणतात. प्रोग्राम सुरू होतो तेव्हा ‘सी’ नावाचेच लोकेल लागू असते आणि त्यात अक्षरे फक्त ५२. लोकेल बदलले की अक्षरांची यादी बदलते. २३३ ही संख्या घ्या. पश्चिम युरोपच्या लॅटिन-१ संकेतात ती फ्रेंच शब्दांतला वर तिरकी रेघ असलेला ‘ई’ आहे, म्हणजे अक्षर. ग्रीक संकेतात ती आयोटा हे वेगळेच अक्षर आहे. १९९१ च्या भारतीय प्रमाणकात, इस्कीमध्ये, तीच संख्या नुक्ता आहे, म्हणजे अक्षराखाली द्यायचा ठिपका. ‘सी’ लोकेलमध्ये ती यांपैकी काहीच नाही. संख्या जागची हललेली नाही, तिच्यातले काही कमी-जास्त झालेले नाही. नित्य असलेली, व्यक्तीत समवायाने राहणारी जाती एका हुकमाने येते आणि दुसऱ्याने जाते असे कोणताही नैयायिक मान्य करणार नाही. त्याला फार तर असे म्हणता येईल की जाती संख्येत नव्हतीच, ती संख्येने सुचवलेल्या अक्षरात होती. ही वाट पुढे कुठे जाते ते देवनागरीपाशी पाहू.

मग या वादातला दुसरा, बौद्धांचा पक्ष जिंकला का? त्या पक्षाच्या दिङ्नागांनी अपोहाचा विचार मांडला. ‘गाय’ या शब्दाचा अर्थ गोत्व नावाचा भावपदार्थ नाही. जे जे गाय नाही त्याची व्यावृत्ती, एवढाच तो अर्थ. सी भाषेत या विचाराची शुद्ध मूर्ती आहे: इझपंक्ट. ‘सी’ लोकेलमध्ये विरामचिन्ह म्हणजे काय, याची प्रमाणकाने दिलेली व्याख्या पूर्ण नकाराची आहे: जे छापता येते, पण मोकळी जागा नाही, अक्षर नाही आणि अंकही नाही, ते. स्वल्पविराम, डॉलर, अधिकचे चिन्ह आणि महिरपी कंस यांच्यात समान असे दुसरे काहीही नाही. इतरांनी नाकारलेपण हेच त्यांचे नाते. पण कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात अपोहावर घेतलेला आक्षेपही इथे तितकाच लागू पडतो. अ-गाय वगळायची तर आधी गाय माहीत हवी, आणि गाय कळायची तर आधी अ-गाय माहीत हवी. हा अन्योन्याश्रय झाला. इझपंक्ट चालते ते अक्षरांची आणि अंकांची यादी आधीच भावरूपाने मोजून ठेवलेली असते म्हणून. बाराच्या बारा फंक्शने नकारावर उभी केली असती तर एकही चालले नसते. म्हणजे वर्गीकरणात कुठे तरी कुणाला तरी बोट दाखवून ‘हे, हे आणि हे’ म्हणावेच लागते. ते बोट निसर्गाचे नाही, हे बौद्धांचे म्हणणे खरे. बोट दाखवल्यावाचून भागत नाही, हे कुमारिलांचे म्हणणेही खरे.

आणखी एक भक्कम वाटणारा आक्षेप इझडिजिटचा आधार घेतो. अक्षरे लोकेलप्रमाणे बदलत असतील, पण इझडिजिट आणि इझएक्सडिजिट ही दोन फंक्शने कोणत्याही लोकेलला जुमानत नाहीत. शून्य ते नऊ हे दहाच अंक, आणि प्रत्येक संकेतात ते सलगच असतील, असे प्रमाणक छातीठोक सांगते. जे सगळीकडे सारखे, ते स्वाभाविक नाही का? इथे अचलपणा आणि स्वाभाविकपणा यांची गल्लत होते. ही स्थिरता वचनाची आहे. कंपायलरला स्वतःच प्रोग्राममधल्या संख्या वाचायच्या असतात, आणि पॅरिसमध्ये लिहिलेली संख्या पुण्यात वेगळी वाचली जाऊन चालणार नाही. म्हणून दहा चिन्हे एकदाची नक्की केली. त्या दहांत मराठी पाच नाही. एका बाइटात न मावणाऱ्या, रुंद चिन्हांसाठी १९९५ मध्ये आलेल्या नव्या फंक्शनांतही अंकाची व्याख्या तीच, दहाचीच. परिणाम पाहण्यासारखा आहे. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी वापरली जाणारी ग्लिबसी ही लायब्ररी युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संकेतातल्या देवनागरी ५ ला ‘अक्षर’ म्हणून नोंदवते. युनिकोड स्वतः त्याला दशमान अंक म्हणते, मराठी मूल बालवाडीपासून त्याला अंक म्हणते, आणि वहीत तो अक्षरांच्या रकान्यात बसलेला आहे. अंकत्व ही जाती असती तर पाचाला तिच्यातून वगळण्याचा अधिकार कुठल्याही प्रमाणकाला नसता.

आता देवनागरी. रोमन लिपीत एक चिन्ह, एक अक्षर हा समज खपून जातो. आपल्याकडे तो पहिल्याच शब्दाला अडखळतो. ‘स्त्री’ हे मराठी वाचक एक जोडाक्षर म्हणून वाचतो. युनिकोडमध्ये त्याचे सहा घटक आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईची वेलांटी. यूटीएफ-८ या पद्धतीने साठवले की अठरा बाइट. या अठरा बाइटांना ‘सी’ लोकेलमध्ये इझअल्फा एकेक करून विचारले तर अठरा वेळा ‘नाही’ येईल. घटकांना विचारावे, तर युनिकोडच्या नोंदीप्रमाणे स, त, र यांना अक्षरगुण आहे, वेलांटीलाही आहे, पण हलन्ताला नाही. ज्याच्यामुळे तीन व्यंजने एका अक्षरात बांधली गेली तोच अक्षरांच्या यादीबाहेर. भर्तृहरींनी वाक्यपदीयात असे मांडले होते की अर्थ वाहणारे एकक अखंड असते आणि वर्ण हे आपण व्याकरणाच्या सोयीसाठी त्यातून तोडून काढलेले तुकडे असतात. हे सगळ्या भाषेला लागू आहे की नाही यावर वाद होऊ शकतो, पण ‘स्त्री’ला ते तंतोतंत लागू आहे. जाती संख्येत नाही पण अक्षरात आहे, ही मघाची वाट इथे बंद होते, कारण अक्षर कशाला म्हणायचे हेच आधी ठरवावे लागते. आणि ते ठरवले जाते, याचा पुरावा ताजा आहे. ‘ॲ’ मराठी लेखनात आधीपासून होता. युनिकोडने त्याला स्वतंत्र जागा दिली २००८ साली, आणि महाराष्ट्र शासनाने प्रमाण वर्णमालेत तो घेतला २००९ साली. त्या दोन वर्षांत चिन्हाच्या आकारात काही घडले नाही, वह्यांत घडले.

इथे सगळ्यांत गंभीर आक्षेप येतो. सगळे ठरवण्यावरच असेल, तर कोणीही काहीही ठरवावे. मग बरोबर आणि चूक या शब्दांना अर्थ काय उरला? याला दोन उत्तरे आहेत. पहिले पाणिनींकडून. त्यांच्या व्याकरणाच्या तोंडी असलेल्या चौदा शिवसूत्रांत वर्णांचा क्रम शाळेतल्या वर्णमालेचा नाही. त्यांनी तो आपल्या नियमांसाठी मुद्दाम रचला. एक वर्ण आणि शेवटची एक खूण घेतली की मधले सगळे वर्ण एका नावात येतात: अच् म्हटले की सगळे स्वर, हल् म्हटले की सगळी व्यंजने. सी भाषेत ‘ए’ ते ‘झेड’ असा पल्ला तपासावा तसेच हे आहे, फक्त इथे क्रम दुसऱ्याने दिलेला नसून कर्त्यानेच घडवलेला आहे. ‘ह’ हा वर्ण या यादीत दोनदा येतो. निसर्गाची नक्कल करायची असती तर हा दोष ठरला असता. नियमांना दोन वेगळ्या गटांत ‘ह’ लागतो म्हणून तो दोनदा आहे, आणि तिथे ते बरोबरच आहे. म्हणजे रचना माणसाची असूनही ती मनमानी नाही. एक वर्ण चुकीच्या गटात गेला तर त्या गटावर उभी असलेली सूत्रे कोसळतील. नदी कुठून वाहते हे निसर्ग ठरवतो, कालवा कुठून न्यायचा हे माणूस ठरवतो, पण चढावर नेलेल्या कालव्यात पाणी येत नाही. वर्गीकरणाचे बरोबर-चूक हे कालव्याचे बरोबर-चूक असते.

दुसरे उत्तर हद्दीचे. या फंक्शनांना दिलेली संख्या शून्य ते अचिन्ह, म्हणजे ऋण मूल्य न धरणाऱ्या, कॅरॅक्टरची कमाल, म्हणजे नेहमीच्या यंत्रावर २५५, या मर्यादेत हवी. किंवा ती ईओएफ हवी, म्हणजे ‘मजकूर संपला’ हे सांगणारे ऋण मूल्य, जे बहुधा वजा एक असते. या बाहेरची संख्या दिली तर काय होईल? ‘नाही’ असे उत्तर येईल असे प्रमाणक म्हणत नाही. ते म्हणते, वर्तन अव्याख्यात आहे. पुष्कळ यंत्रांवर साधे कॅरॅक्टर ऋण मूल्यही धरते. तिथे ‘अ’चा पहिला बाइट २२४ न राहता वजा ३२ होतो, आणि फंक्शन तक्त्याच्या सुरुवातीच्या मागे बत्तीस घरे चाचपडते. तिथे जे सापडेल ते उत्तर. लॅटिन-१ मधले २५५ वे अक्षर तर वजा एक होऊन थेट ‘मजकूर संपला’ याच्याशी एकरूप होते. मज्झिमनिकायात वच्छगोत्त या परिव्राजकाशी झालेल्या संवादात बुद्ध विचारतात, विझलेला अग्नी कोणत्या दिशेला गेला? पूर्वेला नाही म्हणावे तर पश्चिमेला गेला असे वाटेल. चूक उत्तरात नाही, प्रश्न तिथे लागूच होत नाही. असे प्रश्न त्यांनी अव्याकृत ठेवले. ‘नाही’ आणि ‘अव्याकृत’ यांतला हा फरक सी भाषेच्या प्रमाणकाने काटेकोर जपला आहे. सगळे मनमानी असते तर हद्दीच्या आतला प्रश्न आणि बाहेरचा प्रश्न यांत काही फरकच राहिला नसता. सावध प्रोग्रामर म्हणूनच प्रत्येक कॅरॅक्टर आधी अचिन्ह करून घेतो आणि मगच फंक्शनला विचारतो. हे छोटेसे रूपांतर म्हणजे प्रश्न विचारण्याआधी विचारणाऱ्याने सांभाळलेली हद्द.

शेवटी त्या शब्दाकडे, जो या लेखाच्या मथळ्यात आहे. न्यायातली जाती आणि समाजातली जात हे शब्द नुसते ध्वनीने जुळलेले नाहीत. दर्शनांत हा वाद प्रत्यक्ष झाला आहे. ब्राह्मणत्व हे गोत्वासारखेच खरे सामान्य असून ते प्रत्यक्षाने कळते, असा कुमारिलांचा पक्ष होता. पण दोन माणसे शेजारी उभी केली तर नुसते पाहून ते कळत नाही, हे त्यांनाही मान्य करावे लागले. त्यांचे उत्तर असे की आईवडील कोण हे माहीत असले की कळते. शांतरक्षितांसारख्या बौद्ध पंडितांनी याचे खंडन केले. आपल्या फंक्शनांनी दिलेल्या डोळ्यांनी पाहिले तर कुमारिलांचा बचाव हीच त्यांची हार आहे. जे पाहून कळत नाही आणि वंशाची नोंद तपासल्यावर कळते, ते नोंदीत आहे, माणसात नाही. कुणी म्हणेल, अक्षरांच्या तक्त्यावरून माणसांबद्दल निष्कर्ष काढणे ही उडी आहे. तुलना माणसाची अक्षराशी नाही, एका पुराव्याची दुसऱ्या पुराव्याशी आहे: वस्तू तीच राहून उत्तर वहीप्रमाणे बदलत असेल, तर उत्तर वहीचे. अशा वहीला दोन प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, ती कोणत्या कामासाठी लिहिली आणि तिची हद्द कुठे संपते. ग्लिबसीच्या वहीत देवनागरी पाच चुकीच्या रकान्यात आहे, पण त्या वहीच्या कर्त्यांनी शेजारीच कारण लिहून ठेवले आहे: प्रमाणक आम्हाला याला अंक म्हणू देत नाही, आणि अक्षर किंवा अंक अशा एकत्रित प्रश्नाला तरी याचे उत्तर ‘हो’ यावे, म्हणून हा इथे ठेवला. माणसांच्या जातीच्या वहीत शेजारी असे कारण लिहिलेले सापडत नाही.